बेंद्रे बडोद्यात: चित्रकार वर्गावर आला त्या सोळा वर्षांचं प्रकरण

कलेच्या पदव्युत्तर वर्गावर कोणाला नेमायचं, हा प्रश्न आपल्याकडे बहुतेक वेळा जाहिरातीतच निकाली निघतो. पदव्युत्तर पदवी, नेट किंवा पीएच.डी., अमुक वर्षांचा अनुभव. अर्जदार सध्या काय रंगवतो, काय घडवतो, गेल्या दोन-तीन वर्षांत त्याच्या कामात काय बदललं, याला त्या तक्त्यात रकाना नसतो. नेमणूक होते, वेळापत्रक हातात पडतं, समित्या येतात, परीक्षा येतात. दहा वर्षांनी पाहावं तर चांगल्या हाताच्या माणसाने कॅनव्हासला हात लावलेला नसतो, आणि त्याच्यासमोर बसलेल्या मुलांना चित्र कसं अडतं आणि कसं सुटतं हे कधी दिसलेलं नसतं. हे मला फार लागतं. म्हणून ज्या ठिकाणी हे वेगळ्या तऱ्हेने करून पाहिलं गेलं, ते एक प्रकरण इथे सविस्तर मांडतो आहे.

ठिकाण बडोदा. काळ १९५० ते १९६६. माणूस नारायण श्रीधर बेंद्रे. महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या ललित कला विद्याशाखेत चित्रकला विभाग उभा राहिला तो त्यांच्या हाताखाली. प्रश्न असा: पूर्ण भरात असलेल्या चित्रकाराला विद्यापीठाच्या नोकरीत आणलं, तर विद्यार्थ्यांच्या पदरात काय पडतं आणि त्या चित्रकाराला त्याची काय किंमत मोजावी लागते?

बडोदाच का

बडोद्याला कला आणि हुन्नर यांची सवय आधीपासून होती. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याच्या शेतकरी घरातून दत्तक आलेल्या सयाजीराव गायकवाडांनी १८९० साली तिथे कलाभवन काढलं. रंगकाम, सुतारकाम, यंत्रकाम शिकवणारी ती संस्था. दादासाहेब फाळके मुंबईच्या जे. जे. कलाशाळेनंतर तिथेच शिकले. लक्ष्मीविलास राजवाड्यासाठी राजा रविवर्म्याने चित्रं केली. पुढे गायकवाडांच्या कीर्तिमंदिराच्या भिंती रंगवायला शांतिनिकेतनहून नंदलाल बोस आले. म्हणजे मुंबईची तैलरंगातली वास्तववादी परंपरा आणि बंगालची भित्तिचित्रांची परंपरा, दोन्ही या गावाने आपल्या भिंतींवर पाहिल्या होत्या.

विद्यापीठ झालं १९४९ साली. त्याच वर्षी बडोदा संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं, आणि १ मे १९६० पर्यंत बडोदा आणि मुंबई एकाच राज्यात होती. आज बेंद्रे 'गुजरातला गेले' असं आपण म्हणतो, पण ते बडोद्याला गेले तेव्हा राज्याची हद्दसुद्धा ओलांडावी लागली नव्हती. पहिल्या कुलगुरू हंसा मेहता. घटना समितीच्या सदस्य आणि मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातल्या 'सर्व पुरुष' या शब्दांच्या जागी 'सर्व मानव' आणायला लावणाऱ्या. त्यांच्या काळात १९५० साली ललित कला विद्याशाखा सुरू झाली. मार्कंड भट्ट पहिले अधिष्ठाता, चित्रकलेला बेंद्रे, शिल्पकलेला शंखो चौधरी. पुढच्याच वर्षी के. जी. सुब्रमण्यन अधिव्याख्याता म्हणून आले.

चित्रकला-शिल्पकलेत बी.ए. आणि एम.ए. देणारी ही देशातली पहिली विद्याशाखा. मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ पासून होतं, पण तिथे शेवटी हाती यायची ती सरकारी पदविका, जी. डी. आर्ट. जे. जे. मुंबई विद्यापीठाशी जोडलं जाऊन तिथे पदवी मिळायला बडोद्यानंतर सुमारे तीस वर्षं लागली. पदवीचा फरक नुसता सर्टिफिकेटावर पडत नव्हता. चित्रकलेचा प्राध्यापक रसायनशास्त्राच्या प्राध्यापकाच्या मानाने बसू लागला. विद्यार्थ्याला कलेचा इतिहास आणि सौंदर्यशास्त्र अभ्यासावं लागू लागलं. आणि त्याचबरोबर विद्यापीठाची सगळी यंत्रणाही आली: बैठका, अभ्यासमंडळं, गुणपत्रकं. या शेवटच्या गोष्टीचा परिणाम पुढे येईलच.

नेमलं कोणाला

बेंद्रे तेव्हा चाळीस वर्षांचे होते. जन्म १९१० चा, इंदूरचा, मराठी घरातला. इंदूरच्या कलाशाळेत दत्तात्रय देवळालीकरांकडे शिकले. मकबूल फिदा हुसेनही काही काळ त्याच शाळेत होते. देवळालीकर मुलांना उघड्यावर नेऊन रंगवायला लावत. ऊन सरकतं, सावली बदलते, तेवढ्यात चित्र पकडायचं. इंदूरच्या त्या पिढीच्या निसर्गचित्रांत जो सैल, धीट फटकारा दिसतो तो तिथून आलेला आहे. मग मुंबईची जी. डी. आर्ट, काश्मीरमधली काही वर्षं, बॉम्बे आर्ट सोसायटीचं १९४१ चं सुवर्णपदक, १९४५ मध्ये शांतिनिकेतनात मुक्काम, १९४७-४८ मध्ये अमेरिका आणि न्यूयॉर्कमध्ये एकल प्रदर्शन.

हा माणूस नोकरीच्या शोधात नव्हता. मुंबईत त्यांची चित्रं विकली जात होती, नाव झालेलं होतं. विद्यापीठाने निवृत्तीच्या वाटेवरचा मान्यवर आणला नाही की नुकता पास झालेला होतकरू आणला नाही. ज्याचं काम अजून चाललं होतं, ज्याला पुढे कुठे जायचं हे स्वतःलाच पुरतं ठाऊक नव्हतं, असा चित्रकार आणला. माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय हा. शंखो चौधरी शांतिनिकेतनचे शिल्पकार रामकिंकर बैज यांचे विद्यार्थी, लाकूड-दगड-धातूत काम करणारे, तिशीतले. सुब्रमण्यन मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात अर्थशास्त्र शिकलेले, बेचाळीसच्या चळवळीत तुरुंगात गेलेले, मग शांतिनिकेतनात चित्रकला शिकलेले, सत्तावीस वर्षांचे. तिघांच्याही हातात चालू काम होतं आणि तिघांची घडण एका साच्यातली नव्हती.

वर्गात काय होत असे

बेंद्रे मुलांसमोर रंगवत. त्यांच्या शिकवण्याची ख्याती मुख्यतः या प्रात्यक्षिकांची आहे. आज 'डेमो' म्हटलं की डोळ्यांसमोर येतो तो पाहुणा कलाकार: भरलेलं सभागृह, दीड तासात पूर्ण झालेलं व्यक्तिचित्र, टाळ्या. रोजच्या वर्गातलं प्रात्यक्षिक वेगळं असतं.

समोर मॉडेल बसलेलं आहे. शिक्षक पहिल्यांदा कुठे बघतो हे मुलं पाहतात. डोळ्यांकडे नाही, नाकाकडे नाही, खांद्याच्या कलाकडे. पॅलेटवर तो रंग किती पातळ करतो, कोणता रंग सुरुवातीला मुद्दाम वापरत नाही, ब्रश पुसतो कधी आणि न पुसता दुसऱ्या रंगात बुडवतो कधी. गालाखालची सावली तो तपकिरी करेल असं वाटतं आणि तो तिथे हिरवट थर देतो. थोडा मागे सरकतो, डोळे मिटल्यासारखे करून बघतो, आणि अर्धा तास रंगवलेला भाग चाकूने खरवडून टाकतो. का खरवडला हे त्याने सांगितलं नाही तरी पुढच्या पंधरा मिनिटांत कळतं. हे पुस्तकात येत नाही, कारण लिहिणाऱ्याला त्यातलं अर्धं सुचणारही नाही. निर्णय घेण्याआधीचा थांबा कागदावर उतरत नाही, तो जवळ उभं राहूनच बघावा लागतो. देवळालीकरांकडून बेंद्रेंना जे मिळालं ते या वाटेने मिळालं होतं, आणि तेच त्यांनी विद्यापीठाच्या वर्गात आणलं.

दुसरी गोष्ट जास्त मोलाची. या वर्षांत बेंद्रे स्वतः एका जागी थांबलेले नव्हते. निसर्गचित्रं आणि व्यक्तिचित्रं यांत ज्याचा हात बसलेला होता, तो बडोद्यात घनवादी स्थिरचित्रं करू लागला, आकार मोडून परत जोडू लागला, अभिव्यक्तिवादी रंग वापरून पाहू लागला, अमूर्ताकडे गेला. ललित कला अकादमीच्या पहिल्या राष्ट्रीय प्रदर्शनात १९५५ साली त्यांच्या 'काटा' या चित्राला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ते चित्र याच बडोद्याच्या काळातलं. विद्यार्थ्यांना आधुनिक चित्रकलेचे टप्पे एकेक करून उलगडायचे तर शिक्षकाने ते स्वतः हाताने करून पाहिले पाहिजेत, असा त्यांचा शिरस्ता दिसतो. शिकवण्याच्या निमित्ताने त्यांनी स्वतःच्या चित्रकलेची जणू उजळणी केली, आणि त्यातून त्यांची चित्रकलाही पुढे सरकली.

हे लोकांपर्यंत पोचलं. काश्मीरमधून गुलाम रसूल संतोष १९५४ साली शिष्यवृत्ती घेऊन बडोद्याला आले ते बेंद्रेंकडे शिकायला. पुढे तांत्रिक परंपरेवर आधारलेल्या चित्रांसाठी संतोष नावाजले गेले, बेंद्रेंच्या चित्रांशी त्यांचा मेळही बसत नाही. शांती दवे, ज्योती भट्ट, रतन परिमू, हकू शाह, हिम्मत शाह, गुलाममोहम्मद शेख ही त्या पहिल्या दशकातली नावं. एकाने मुद्राचित्रण (ठशांवरून चित्रं छापण्याची कला) आणि छायाचित्रण धरलं, एकाने कलेचा इतिहास, एकाने लोककला, एकाने शिल्प. एकाच विभागातून इतक्या दिशा फुटल्या.

जिथे गाडी अडली

तरी हे प्रकरण सरळ यशाचं म्हणून सांगितलं तर अर्धवट होईल.

१९५६ साली 'बडोदा ग्रुप' निघाला. बेंद्रे, सुब्रमण्यन आणि त्यांचे विद्यार्थी यांनी बडोद्यात आणि मुंबईत एकत्र प्रदर्शनं मांडली. शिक्षकाचं चित्र आणि विद्यार्थ्याचं चित्र एकाच भिंतीवर. मुलांना प्रदर्शनाचा सराव झाला, मुंबईच्या जाणकारांची नजर मिळाली. पण भिंत एक झाली की साम्यही उघडं पडतं. त्या वर्षांतल्या अनेक विद्यार्थ्यांच्या कामात घनवादाची एकच ढब दिसते: आकाराच्या कडा तशाच तोडलेल्या, रंगाचे पट्टे तसेच लावलेले. ज्याचा हात सर्वात समर्थ, त्याच्या हातासारखे हात तयार होऊ लागतात.

प्रात्यक्षिकाने शिकवण्याचा हा धोका आहेच, आणि तो बेंद्रेंच्या वाट्याला जास्त आला कारण त्यांचं कसब असामान्य होतं. कमी कौशल्याच्या शिक्षकाची नक्कल कोणी करत नाही. मला इथे एक फरक महत्त्वाचा वाटतो. विद्यार्थ्याने शिक्षकाची शैली उचलली तर ती उतरायला वर्षं लागतात. त्याने शिक्षकाची अस्वस्थता उचलली, म्हणजे 'हे जमलं, आता काय?' ही सवय, तर ती जन्मभर पुरते. बडोद्याच्या चांगल्या विद्यार्थ्यांनी काही वर्षांत शैली टाकली आणि सवय ठेवली. सगळ्यांना ते जमलं नाही. कुठल्याही वर्गात सगळ्यांना जमत नाही.

या साम्याला उतारा मिळाला तो बेंद्रेंच्याच विभागात, शेजारच्या खोलीत, वेगळ्या स्वभावाच्या शिक्षकाकडून.

सुब्रमण्यन आणि दोरी

सुब्रमण्यन १९५५-५६ मध्ये लंडनच्या स्लेड या कलाशाळेत जाऊन आले. १९५९ मध्ये त्यांनी बडोदा सोडून अखिल भारतीय हातमाग मंडळात रचना विभागाचे उपसंचालक म्हणून काम धरलं आणि १९६१ मध्ये प्रपाठक म्हणून परतले. आजच्या कुठल्याही संस्थेत ही दोन वर्षं 'सेवेतला खंड' म्हणून मोजली गेली असती. त्या खंडाने काय केलं ते पाहू.

विणकर, रंगारी, सूत, करघा, तंतू कसा वळतो, गाठ कुठे बसते, हे सगळं त्यांच्या विचारात येऊन बसलं. परत आल्यावर १९६१ पासून विद्याशाखेत मेळे भरू लागले. शिक्षक आणि विद्यार्थी मिळून लाकडाची, चामड्याची, मण्यांची खेळणी करत, बाहुल्या करत, आणि गावातले लोक येऊन ती विकत घेत. एम.ए.ला अमूर्त चित्र रंगवणारा मुलगा त्या दिवसांत लाकडी घोड्याला शेपूट लावत बसलेला असायचा. सुब्रमण्यन यांची स्वतःची खेळणी या मेळ्यांतून आली, आणि त्यांच्या चित्रांतले उड्या मारणारे प्राणी त्या खेळण्यांचेच भाऊबंद दिसतात. १९६३ च्या सुमारास लखनौच्या रवींद्रालयावर त्यांनी टेराकोटाचं मोठं भित्तिशिल्प केलं, रवींद्रनाथांच्या 'राजा' नाटकावरचं. भाजलेल्या मातीचे तुकडे जोडत जोडत पूर्ण भिंत.

आता शिल्पकार मृणालिनी मुखर्जी. जन्म मुंबईचा, १९४९ चा. शांतिनिकेतनचे चित्रकार विनोदबिहारी मुखर्जी आणि शिल्पकार लीला मुखर्जी यांची मुलगी. १९६५ मध्ये बडोद्याला चित्रकलेच्या पदवीला आली. पदवीनंतर १९७० ते १९७२ तिने सुब्रमण्यन यांच्याकडे भित्तिचित्रणाची पदव्युत्तर पदविका केली. भित्तिचित्रणाचा विषय, म्हणजे भिंत आणि रंग असणार असं कोणालाही वाटेल. सुब्रमण्यन यांच्या वर्गात भिंतीला लावायच्या वस्तूंत नैसर्गिक तंतूही बसत होते. मृणालिनीने तागाची दोरी घेतली आणि गाठी मारायला सुरुवात केली.

या कामाकडे जवळून पाहिलं तर कळतं की यात करघा नाही, आणि आधी काढलेला आराखडाही नाही. दोरी बोटांनीच गुंफायची, एक गाठ दुसरीला धरते, गाठींचा पडदा होतो, पडद्याला घड्या पडतात, घड्या फुगतात, ओठांसारख्या वळतात, आणि रंगवलेल्या तागाची माणसाहून मोठी आकृती उभी राहते. एकेका शिल्पाला महिने लागत. पुढच्या वर्षांत 'यक्षी', 'वनश्री' अशी नावं या आकृतींना मिळाली. भिंत सुटली, आणि पदविकेच्या अभ्यासक्रमात सुरू झालेली गाठ स्वतंत्र शिल्प होऊन उभी राहिली. २०१९ साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने तिच्या कामाचं मोठं सिंहावलोकनी प्रदर्शन भरवलं, तिच्या निधनानंतर चार वर्षांनी.

शिक्षकाच्या चालू कामातून विद्यार्थ्याला काय मिळतं याचं याहून स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही. सुब्रमण्यन यांच्या चित्रात आणि मृणालिनीच्या शिल्पात दिसण्यातलं साम्य शोधूनही सापडत नाही. हातमाग मंडळातल्या दोन वर्षांनी शिक्षकाच्या मनात एक प्रश्न पेरला, तंतूत काय काय शक्य आहे, आणि तो प्रश्न त्याने दहा वर्षांनी एका विद्यार्थिनीसमोर उघडा ठेवला. उत्तर तिचं. तो खंड त्याच्या नोकरीत पडला नसता तर त्या वर्गात दोरी आली असती का, याची मला शंका आहे.

असं बाहेर जाऊन परत येणं बडोद्यात पुष्कळांनी केलं. ज्योती भट्ट साठच्या दशकात न्यूयॉर्कच्या प्रॅट या कलासंस्थेत दोन वर्षं राहून आले. गुलाममोहम्मद शेख १९६१ मध्ये एम.ए. झाले, १९६० पासूनच कलेचा इतिहास शिकवत होते, मग तीन वर्षं लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये गेले आणि १९६७ मध्ये परत त्याच वर्गावर आले. चित्रकाराने इतिहास शिकवायचा, ही बडोद्याची आणखी एक खास गोष्ट. इटलीतल्या सिएनाच्या लोरेंझेत्ती या जुन्या चित्रकाराचं गावाचं चित्र किंवा हम्झानामा या मुघल सचित्र पोथीचं पान वर्गात समजावून सांगणारा माणूस संध्याकाळी स्वतःच्या कॅनव्हासवर बडोदा रंगवत असेल, तर तो पानातल्या गर्दीकडे तारखांसाठी बघत नाही, ती गर्दी रचली कशी ते बघतो. शेख यांचं १९८१ ते १९८४ मध्ये झालेलं 'सिटी फॉर सेल' लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. एकाच चित्रात अनेक रस्ते, अनेक वेळा, दंगल आणि बाजार. वर्गात शिकवलेल्या चित्रांचं ऋण त्यात स्पष्ट दिसतं.

किंमत

१९५९ मध्ये बेंद्रे अधिष्ठाता झाले. विभागप्रमुखाला निदान आपल्या वर्गाजवळ बसता येतं. अधिष्ठात्याला विद्यापीठाच्या सभागृहात बसावं लागतं. सात वर्षं त्यांनी ते केलं, आणि १९६६ मध्ये राजीनामा देऊन मुंबईला आले. वय छप्पन.

त्यानंतरच्या मुंबईच्या वर्षांत त्यांनी ठिपक्याठिपक्यांची, बिंदुवादी पद्धतीची चित्रं केली. गावातल्या बायका, फुलं, गुरं, झाडं, असंख्य बारीक रंगबिंदूंतून उजळलेली. आज बेंद्रे म्हटलं की बहुतेक रसिकांना आठवतात ती हीच चित्रं. असं एक चित्र म्हणजे दिवसेंदिवस त्याच कॅनव्हाससमोर बसणं. दुपारी दोनची बैठक, चारची मुलाखत, संध्याकाळी परीक्षेच्या याद्या, यांच्यामध्ये हे ठिपके बसत नाहीत. ज्या शिक्षकाच्या कामामुळे वर्ग जिवंत झाला, त्याला त्या कामासाठी वर्ग सोडावा लागला. १९६९ मध्ये पद्मश्री, १९९२ मध्ये पद्मभूषण, आणि त्याच वर्षी निधन. मुंबईतल्या त्या पंचवीसेक वर्षांत ते रंगवत राहिले.

कोणी म्हणेल, चित्रकार शेवटी चित्राकडेच जाणार, यात प्रकरण काय? माझं म्हणणं असं की त्यांना शिक्षकपणातून सुटायचं होतं असं काही या सोळा वर्षांवरून दिसत नाही. शिकवण्याने त्यांच्या चित्रांना दिलं, 'काटा' साक्षीला आहे. वेळ खाल्ला तो पदाने. विद्यापीठाला चांगला शिक्षक मिळाला की त्याला बढती देऊन प्रशासक करायचं, हा रिवाज कलेच्या विभागात सगळ्यात महाग पडतो, कारण इथे शिक्षकाचं काम थांबलं की शिकवण्याचा कच्चा मालच थांबतो.

चित्रकार नसरीन मोहमदीचं उदाहरण दुसऱ्या टोकाचं आहे. ती १९७२ मध्ये बडोद्यात शिकवायला आली, आणि पुढे आयुष्याच्या अखेरीपर्यंत बडोदा हेच तिच्या कामाचं ठिकाण राहिलं. कागदावर शाई आणि पेन्सिल, रेखनाची उपकरणं, समांतर रेषा, कर्ण, अंतरं. हाताचा ताबा हळूहळू हिरावून घेणारा आजार आणि तरी केसाएवढ्या अचूक रेषा. तिने चित्रांना नावं दिली नाहीत, तारखा घातल्या नाहीत, प्रदर्शनंही फार केली नाहीत. १९९० मध्ये अलिबागजवळच्या किहीमला तिचं निधन झालं, अवघ्या त्रेपन्नाव्या वर्षी. २०१६ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाच्या मेट ब्रॉयर या शाखेने आपली दारं उघडली ती ज्या प्रदर्शनांनी, त्यांतलं एक तिचं होतं. नोकरीच्या तक्त्यात प्रदर्शनांची संख्या मोजली तर ही शिक्षिका कमी भरली असती. प्रदर्शनं मोजून काम चालू आहे की नाही हे कळत नाही, हे तिच्यामुळे लक्षात ठेवावं लागतं.

आणि मुंबई?

बडोद्याची स्तुती करताना जे. जे.वर अन्याय व्हायला नको. तिथे चित्रकार शंकर पळशीकर होते. भंडारा जिल्ह्यातल्या साकोलीचा जन्म, १९४७ पासून जे. जे.मध्ये अध्यापन, १९६८ ते १९७५ अधिष्ठाता. त्यांच्या हाताखाली शिकलेले प्रभाकर कोलते पुढे स्वतः १९७२ ते १९९४ जे. जे.मध्ये शिकवत होते आणि अमूर्त चित्रं करत होते, विद्यार्थ्यांशी बोलत होते, मराठीत लिहीत होते. मुंबईकडे माणसं कमी नव्हती. फरक होता तो व्यवस्थेत. जे. जे. सरकारी, शिक्षक सरकारी नोकर, मुंबई-नागपूर-औरंगाबाद अशी शासकीय कला महाविद्यालयं, आणि जागा भरायच्या त्या खात्याच्या गतीने. सरकारी कला महाविद्यालयांत कायम शिक्षकांच्या जागा वर्षानुवर्षं रिकाम्या राहिल्या आणि कंत्राटी शिक्षकांवर वर्ग चालले, हे या क्षेत्रातल्या कोणालाही नवं नाही. कंत्राटी शिक्षकाला अकरा महिन्यांनंतर काय, ही चिंता असते. तो स्वतःचा प्रश्न दहा वर्षं मुलांसमोर उघडा ठेवू शकत नाही.

२०२३ मध्ये जे. जे.ला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. अभ्यासक्रम आणि नेमणुका यांत आता स्वतःचा शब्द चालवता येईल. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०१८ च्या नियमावलीतही दृश्यकलेच्या सहायक प्राध्यापकासाठी व्यावसायिक कलाकाराची वेगळी वाट आहे: पहिल्या वर्गातली पदविका, पाच वर्षं नियमित प्रदर्शनांचा पुरावा, विषय समजावून सांगण्याची क्षमता. म्हणजे दार आहे. ते वापरायचं की नाही हा संस्थेचा निर्णय.

बडोद्याचं प्रकरण समोर ठेवून मी नव्या अभिमत विद्यापीठाकडे तीन साध्या गोष्टी मागेन. नेमणुकीच्या पत्रात पगाराबरोबर शिक्षकाला कामाची खोली लिहून द्यावी, विद्यार्थ्यांच्या स्टुडिओच्या शेजारी, दार उघडं राहील अशी. आठवड्यातले दोन दिवस त्या खोलीत जातील असं वेळापत्रक करावं आणि ते 'रिकामे तास' म्हणून कोणाच्या बदलीच्या वर्गासाठी उचलू नयेत. आणि विभागप्रमुख किंवा अधिष्ठाता ही पदं आळीपाळीने, दोन-दोन वर्षांची ठेवावीत. दुसऱ्या क्षेत्रात दोन वर्षं काम करून परतणाऱ्याची ज्येष्ठता कापू नये, हे चौथं. त्यासाठी सुब्रमण्यन यांचं सेवापुस्तक काढून दाखवायची माझी तयारी आहे.